डाव्या हाताचा मोजा

चादरीची घडी अर्धीच झाली होती. दोन टोकं माझ्या हातात, दोन वन्संच्या. चालत एकमेकींजवळ येऊन टोकाला टोक लावायचं, एवढंच राहिलं होतं, तर वन्संनी त्यांच्या बाजूची टोकं सोडूनच दिली. चादर जमिनीवर लोळली आणि त्या सतरंजीवर बसलेल्या ठकीसमोर जाऊन गुडघ्यांवर बसल्या.

"अहो वन्सं, चादर," मी म्हटलं.

"हो वहिनी, आले," म्हणाल्या, पण आल्या नाहीत.

ठकी ही माझी नात, सात महिन्यांची. मागे उशी लावली की नुकतीच बसायला लागली होती. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लहान मुलांना व्यायाम देणं हे त्यांचं काम. कुणाची मान धरत नाही, कुणाची पावलं आत वळलेली, कुणी चालायच्या वयाचं झालं तरी उभं राहत नाही, अशी मुलं त्यांच्याकडे येतात. घरात सगळे त्यांना भिंगरी म्हणतात. लहानपणी जेवायला बसवलं तरी दोन घासांच्या मध्ये उठून खिडकीपर्यंत जाऊन यायच्या म्हणे. आता केस पिकले, गुडघे कुरकुरतात, पण नाव बदलायची वेळ त्यांनी कुणावर आणली नाही.

वन्संनी खुळखुळा ठकीच्या उजव्या हाताशी ठेवला. ठकीनं डावा हात पोटावरून आडवा नेला आणि उचलला. वन्संनी तो हळूच काढून घेतला आणि आणखी उजवीकडे, जरा मागे ठेवला. ठकी कलली, उशीवरून घसरायला आली, पण हात पुढे केला तो डावाच. उजवी मूठ तिच्या मांडीवर तशीच पडून होती.

"बघितलंस ना?" हे पेपरामागून म्हणाले. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "कुठेही ठेव, उचलणार डाव्यानंच. पक्की डावखुरी. माझ्यावर गेलीय."

ठकीच्या उजव्या मुठीत आपलं बोट घालून वन्संनी ती उघडली, आतला अंगठा बाहेर काढला आणि क्षणभर हातात धरून ठेवला. मग उठल्या. मी चहा टाकला होता, तो त्यांनी उभ्यानंच, गॅलरीत फेऱ्या मारत घेतला. कप कठड्यावर ठेवला आणि निघून गेल्या. चादर मी एकटीनं घडी केली. एकटीनं केलेली घडी कधी सरळ येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. छत्री राहिली म्हणाल्या. छत्री त्यांच्या हातातच होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा डबा परत द्यायला आल्या, जो मी मागितलेला नव्हता. आल्या की ठकीपासून हातभर अंतरावर बसायच्या, पण तिला हात लावायच्या नाहीत. नुसतं बघायच्या. मग चुळबुळ सुरू. पडदा सारखा कर, दारातल्या चपला उलट्या करून कुणाची टाच कुठल्या बाजूनं झिजली ते बघ, घड्याळ बघ, निघ.

"भिंगरे, बस की जरा," हे म्हणाले. "तुला बघून मलाच दम लागतो."

"बसायला आले नाही, दादा."

"मग कशाला आलीस?"

त्यावर त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला.

मला वन्संचा स्वभाव ठाऊक आहे. शिक्षण झाल्यावर त्यांना एका कचेरीत टेबलाची नोकरी लागली होती. तिथल्या साहेबांनी महिनाभरातच विचारलं, "बाई, तुमच्या खुर्चीला काटे आहेत का?" मग त्यांनी ती नोकरी सोडून हा व्यायामाचा अभ्यासक्रम धरला, कारण त्यात दिवसभर जमिनीवर रांगायचं असतं असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. सासरे म्हणाले, पोरीनं शिकून रांगायला घेतलं. पण ती चुळबुळ वेगळी. ती हसरी असते. हिच्यात हसू नव्हतं.

त्या गप्प का होत्या, तेही मला कळत होतं. मागे एका नातेवाइकांकडे समारंभ होता. तिथे एक छोटा मुलगा चवड्यांवर तुरुतुरु पळत होता आणि सगळे म्हणत होते, बघा, कसा नाचल्यासारखा चालतो. वन्सं सरळ त्याच्या आईकडे गेल्या आणि म्हणाल्या, याच्या टाचा टेकत नाहीत, पोटऱ्यांचे स्नायू आखडले असतील, एकदा दाखवून घे. भर पंगतीत. ते घर अजून आमच्याशी बोलत नाही. "आमच्या लेकरात खोट काढली," हे वाक्य गावभर फिरलं. त्या दिवशी ह्यांनी बहिणीकडून शब्द घेतला होता की घरातल्या, नात्यातल्या मुलांबद्दल कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वन्संनी दिला. आणि शब्द दिला की त्या मोडत नाहीत, हीच त्यांची खोड.

म्हणजे आता कुणीतरी विचारायला हवं होतं. आणि आमच्या घरात विचारणार कोण? सगळे आनंदात होते. ह्यांनी तर ठकीसाठी डाव्या हाताला वळवलेला चमचाही शोधून आणला होता. "या घरात हिचा हात कुणी धरणार नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

सकाळी मी प्रार्थनेला बसले, पण ओठ हलत होते आणि मन त्या बंद मुठीत अडकलेलं. देवाला म्हटलं, मला शांती दे. शांती काही मिळाली नाही. मग उठले, भाजी चिरायची तशीच टाकली आणि वन्संच्या केंद्रावर गेले.

केंद्र म्हणजे एका दवाखान्याच्या तळमजल्यावरची लांबट खोली. खाली जाड गाद्या, भिंतीला लाकडी पट्ट्यांची शिडी, मुलांच्या उंचीला लावलेला आरसा, कोपऱ्यात माझ्या कमरेएवढे रबरी चेंडू. भिंतीला टेकून आया, बाप, आज्या बसलेल्या, मांडीवर पायाला बांधायचे प्लॅस्टिकचे साचे. एक बाळ मान एका खांद्याकडे कलवून जगाकडे बघत होतं आणि त्याची आई दुसऱ्या बाजूनं टाळ्या वाजवत होती, म्हणजे ते तिकडे वळेल. कापसासारख्या मऊ अंगाची एक मुलगी चेंडूवर पालथी होती आणि वन्सं तिला पुढे-मागे झुलवत होत्या.

"रडवी मावशी आली का रे?" एका बापानं आपल्या मुलाला चिडवलं.

"मावशी इथेच आहे," वन्सं चेंडूमागून म्हणाल्या. "रडायचं असेल त्यांनी रांगेत या."

व्यायाम घेताना मुलं रडतात, म्हणून रडवी मावशी हे त्यांचं तिथलं नाव. एकदा मी म्हटलं होतं, वाईट नाही वाटत? तर म्हणाल्या, "जोरात रडलं म्हणजे फुप्फुसं चांगली. एक काम कमी झालं."

मला बघून त्यांनी चेंडू थांबवला. मुलीला तिच्या आईकडे दिलं आणि मला बाजूच्या छोट्या खोलीत नेलं. तिथे एक टेबल आणि दोन खुर्च्या. मी उभीच राहिले.

"वन्सं, मी विचारते आहे," मी म्हटलं.

त्यांनी काय विचारताय म्हणून विचारलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या. पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून, अगदी स्थिर. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

"वहिनी, या वयाचं मूल डावखुरंही नसतं आणि उजव्या हाताचंही नसतं," त्या म्हणाल्या. "ज्या बाजूला वस्तू, त्या बाजूचा हात पुढे येतो. आवडता हात ठरतो तो बऱ्याच उशिरा. इतक्यातच एकच हात चालत असेल, तर दुसऱ्याला काय होतंय ते बघायला हवं. मी डॉक्टर नाही. माझी चूकही होत असेल. चूक निघाली तर दादानं मला जन्मभर ऐकवावं, मी ऐकून घेईन. पण दाखवा."

"कधी?"

"मी पहिल्यांदा बघितलं त्याच दिवशी दाखवायला हवं होतं. मी नुसती येत राहिले. डबा घेऊन."

घरी येऊन मी आधी सुनेला सांगितलं. ती ठकीचे कपडे बदलत होती. मला वाटलं होतं, रडेल, नाहीतर चिडेल. तिनं ठकीचा उजवा हात बाहीतून ओढून काढला, अडकत अडकत, आणि म्हणाली, "आई, ही बाही रोज अशीच अडकते. डावी पटकन निघते. आंघोळीला मूठ उघडावी तर आत कापसाचे तंतू जमलेले असतात. मला माहीत होतं काहीतरी आहे. पण बाबा इतके खूश होते."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही सगळे हसत होता. मी काय बोलू?"

ह्यांना सांगितलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं नाही त्यांनी, उलट फार हळू बोलले. ते हळू बोलले की मी जास्त घाबरते. "तिला सगळीकडे दुखणंच दिसतं. उद्या माझ्या खोकल्याचाही व्यायाम काढेल. दाखवा तुम्हाला दाखवायचं तर. मी येणार नाही."

आले मात्र. दवाखान्यात ठकीला मांडीवर घेऊन हेच बसले होते आणि तपासणीला आत नेताना सोडायलाही तयार नव्हते. तपासण्या झाल्या. मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर होत्या त्यांनी समजेल अशा शब्दांत सांगितलं. जन्माच्या आधी केव्हातरी मेंदूच्या डाव्या भागातल्या थोड्याशा जागेला रक्त कमी पडलं आहे. उजव्या हाताला आणि किंचित उजव्या पायाला हुकूम तिथून सुटतो, तो नीट पोचत नाही. हे वाढत जाणारं नाही, पण आपोआप जाणारंही नाही.

सुनेनं विचारलं, "माझं काही चुकलं का? मी जिन्यावरून घसरले होते एकदा."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घसरण्यानं नाही, खाण्यानं नाही, कशानंच नाही. तो विचार इथेच ठेवून जा. आता हाताला काम द्यायचं. मेंदू लहान आहे, अजून नवे रस्ते शिकतो. तुमच्या घरातच कुणी थेरपिस्ट आहेत म्हणे?"

बरोबर आलेल्या माझ्या मुलानं होकारार्थी मान हलवली. हे खिडकीबाहेर बघत होते.

इथवर देवाच्या दयेनं सगळं पार पडलं होतं. खरा पेच पुढेच होता. वन्सं आल्या, सतरंजीवर सामान मांडलं: खडखडणारी कडी, बारीक दांड्याचे खुळखुळे, खरबरीत कापडाचे तुकडे, एक स्टीलची वाटी. कुठली गोष्ट कुठल्या बाजूनं द्यायची, मनगटाला कसा आधार द्यायचा, मूठ जोर न लावता कशी उघडायची, हे सगळं त्यांनी सुनेला करून दाखवलं. मग म्हणाल्या, "आणि रोज थोडा वेळ, ही जागी आणि आनंदात असेल तेव्हा, डाव्या हाताला मऊ मोजा घालायचा. डाव्याला सुट्टी. खेळायचं ते उजव्यानं. डॉक्टरांशी बोलले आहे मी."

ह्यांचा पेपर खाली आला.

"म्हणजे डावा हात बांधायचा?"

"बांधायचा नाही, दादा. मोजा घालायचा."

"बांधणंच ते. या घरात होणार नाही."

मी दिवा लावायच्या निमित्तानं उठले, पण पाय दारातच थबकले. ह्यांची हकिकत मला माहीत होती. लहानपणी ते डाव्या हातानं लिहायचे, म्हणून अभ्यासाला बसवलं की सासरे त्यांचा डावा हात फडक्यानं खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवायचे. अजूनही ह्यांचं अक्षर उजव्या हातानं लिहिलेलं, ठेचकाळत चालल्यासारखं. त्यांनी मला हे आमच्या लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं, आणि पुन्हा विषय काढू दिला नव्हता.

"तू विसरलीस?" ते बहिणीला म्हणाले. "तूच सोडायचीस ना ते फडकं? टेबलाखालून रांगत यायचीस. सापडलीस की मारही खायचीस. आणि आज तू सांगतेस बांधा?"

हे मात्र मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. दारापर्यंत गेल्या. मला वाटलं, निघाल्या. तिथून परत आल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. त्यांच्या हातात ती खडखडणारी कडी होती आणि प्रत्येक फेरीला ती वाजत होती.

"विसरले नाही," त्या म्हणाल्या. "तुझे दोन्ही हात चांगले होते, दादा. बाबांनी तुझा आवडता काढून घेतला. म्हणून मी सोडायचे. हिच्याकडे एकच आहे. मी हिच्याकडून काढून घेत नाहीये, दुसरा मिळतो का बघतेय. थोडा वेळच. आणि ही रडली तर तू सोड. मी आडवी येणार नाही. तुझ्याइतकं त्यातलं कुणाला कळतं?"

हे उठून गॅलरीत गेले. त्या दिवशी कुणी मोजा घातला नाही. वन्सं सामान तसंच ठेवून गेल्या.

पण मला काही स्वस्थ बसवेना. घरातल्या घरात फिरत राहिले. भांडी पुसून झाली होती ती पुन्हा पुसली. सून ठकीला मांडीवर घेऊन त्या उजव्या मुठीला फुंकर घालत बसली होती, जणू त्यानं ती उघडणार होती. माझा मुलगा दोघांकडे बघायचा आणि फोन उचलून ठेवायचा. शेवटी मी कपाटातून ह्यांचा एक जुना बनियन काढला, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला, आणि त्याच्या बाहीचा छोटा, बोटं नसलेला हातमोजा शिवला. मनगटाला रबर नाही, सैलशी नाडी. आतली शिवण बाहेर घेतली, टोचू नये म्हणून. देवाचं नाव घेत शिवला. घालायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

सकाळी हे कपाट उघडून उभे. "माझा बनियन कुठे गेला?"

मी मोजा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला. शिवण बघितली. नाडी ओढून बघितली, एका बोटानं सुटते का ते.

"सुटते," ते म्हणाले.

"सुटायलाच हवी," मी म्हटलं.

ते ठकीसमोर जाऊन बसले. सून काही बोलायला गेली, मी डोळ्यांनी तिला थांबवलं. त्यांनी स्वतः तो मोजा ठकीच्या डाव्या हाताला घातला. ठकीनं आधी त्याला चाखून बघितलं, मग खुळखुळ्यावर मोज्याचा हात आपटला, मग तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. ह्यांचा हात लगेच नाडीकडे गेला. मोजा निघाला. हे बाहेर जाऊन फेऱ्या मारू लागले. बहिणीचाच भाऊ तो, आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग परत आले. पुन्हा घातला. पुन्हा रडणं, पुन्हा नाडी. असं चालू असतानाच वन्सं आल्या. या वेळी निमित्त सांगितलं नाही. दारातच थांबल्या.

"किती वेळा सोडलास?"

"मोजत नाही मी," हे म्हणाले.

"बरं करतोस." त्या त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या, ठकीच्या उजव्या कोपराखाली आपला तळवा नुसता आधाराला धरला आणि स्टीलची वाटी अगदी मुठीला लागेल अशी सरकवली. "दादा, तू वाजव ती. तुझा आवाज ओळखते ती. मला बघून रडेल."

ह्यांनी वाटीवर नखानं टकटक केली. ठकी रडता रडता थांबली. वाटीकडे बघितलं. मोज्याचा हात हलला, पण वाटी डाव्या बाजूला नव्हती. मग उजवा खांदा थोडा उचलला गेला, मूठ घसरत पुढे आली आणि वाटीच्या कडेला लागली. वाटी कलंडली आणि गरगरत जाऊन माझ्या पायाशी थांबली.

"पाडली तिनं," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाले, "पाडली."

सुनेनं ठकीकडे बघितलं आणि पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं वन्सं आता काहीतरी बोलतील, शाबास वगैरे. त्यांनी फक्त हात लांब करून माझ्याकडे वाटी मागितली.

"परत ठेव, दादा. मूठ उघडली नाही अजून. अंगठा आतच आहे."

"किती दिवस लागतील?"

"मला नाही माहीत."

"हिला लिहिता येईल ना?"

"डाव्यानं येईल. पण कागद धरायला दुसरा हात लागतो की नाही?"

ह्यांनी वाटी ठेवली. ठकीनं या वेळी तिच्याकडे बघितलंही नाही, तोंड वळवलं आणि पुन्हा रडायला लागली. ह्यांनी नाडी सोडली, मोजा काढला, घडी केली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. कुणाच्या हातात दिला नाही.

"उद्या कधी घालायचा?" त्यांनी विचारलं.

"झोपून उठली की, पोट भरल्यावर. मी येते."

"तू कशाला? मी आहे ना."

वन्सं उठल्या. उठताना गुडघा कडकन वाजला, त्याला त्यांनी एक शिवी घातली, मी न ऐकल्यासारखं केलं. चहा ठेवू का विचारलं, तर चपला घालत नको म्हणाल्या. केंद्रातल्या एका मुलाच्या डाव्या पायात आता साचा बसतो आणि त्यामुळे त्या पायाला बूट लागतो एक नंबर मोठा. कोपऱ्यावरचा बूटवाला दोन नंबरांचा एक जोड करून देतो का, ते बघायला त्या निघाल्या.